‘पिशवी काढून टाका’ म्हणाले, मग पुढे?

चार दिवसांची पाळी दहा-दहा दिवस अंगावरून जाऊ लागली, की आपण बायका पहिल्यांदा काय करतो? काहीच करीत नाही! ‘पाळी जायच्या आधी असं होतंच’ म्हणून शेजारणी समजूत घालतात आणि आपणही ती घालून घेतो. मग एक दिवस जिना चढताना धाप लागते, डोळ्यांपुढे अंधारी येते. डॉक्टरांकडे गेल्यावर सोनोग्राफी होते आणि ऐकू येतं, “मुलं झालीत ना? मग पिशवी काढून टाका.”

मैत्रिणींनो, हे ऐकताच ऑपरेशनची तारीख ठरवू नका, आणि घाबरून दवाखान्याची पायरी सोडूही नका. आधी विचारा, “माझा आजार नेमका कोणता?” पिशवीतल्या गाठी बहुधा कॅन्सरच्या नसतात, आणि त्यांचा कॅन्सर होणं फार क्वचितच घडतं. पाळी गेली की त्या सहसा आक्रसतात. त्यामुळे गाठ आहे पण त्रास नाही, तर अनेकदा नुसतं लक्ष ठेवणं पुरतं. त्रास आहे तर आधी रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या आहेत, संप्रेरकांच्या गोळ्या आहेत, पिशवीत बसवायची औषधी तांबी आहे (ती काही वर्षं काम देते), आणि नुसती गाठ काढून पिशवी ठेवण्याची शस्त्रक्रियाही आहे. प्रत्येकीला प्रत्येक उपाय चालतोच असं नाही, पण विचारायला काय हरकत आहे? पंचेचाळिशीच्या पुढे जास्त जात असेल, तर पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासून घेण्याविषयी जरूर बोला. आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा डाग दिसला, तर तो एकदाच दिसला म्हणून गप्प बसू नका.

नुसतं पांढरं जातं किंवा कंबर दुखते एवढ्यावर ‘पिशवी खराब झालीय, कॅन्सर होईल’ असं कुणी म्हटलं, तर सरळ दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या. हे उगीच सांगत नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी करणाऱ्या बायकांच्या पिशव्या ऐन तरुण वयात काढल्याचा प्रकार 2019 साली गाजला आणि राज्य सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. 2023 साली सर्वोच्च न्यायालयानेही अशा अनावश्यक शस्त्रक्रियांना आळा घालण्यासाठी राज्यांना आदेश दिले. शहरातल्या शिकल्यासवरल्या बायका असं फसत नाहीत, असं मात्र समजू नका.

दुसरा प्रश्न बीजकोशांचा. पिशवी काढली की पाळी थांबते, पण बीजकोश ठेवले तर शरीरातली संप्रेरकं चालू राहतात. तेही काढले, तर पाळी जाण्याचे सगळे त्रास एकदम सुरू होतात. अंगाची आग होते, झोप उडते, पुढे हाडं ठिसूळ होतात. म्हणून ‘एकदा पोट उघडलंय तर सगळंच काढून टाका’ असं घरच्यांनी परस्पर सांगू नये. सही तुमची आहे, तेव्हा बोलणंही तुमच्याशी व्हायला हवं.

खरोखरच ऑपरेशन लागलं, तर ते पोटावर छेद घेऊन, खालच्या मार्गाने किंवा दुर्बिणीने होतं. शेवटच्या दोहोंत बाई लवकर हिंडूफिरू लागते. आधी रक्त भरून काढायला हवं. हिमोग्लोबिन 12 च्या खाली म्हणजे पांडुरोग. लोहाच्या गोळ्या चहाबरोबर घेऊ नका, लिंबूपाण्याबरोबर घ्या.

आता घरी आल्यावरचं. खरी अडचण इथेच! टाके दिसायला बरे झाले की घरच्यांना वाटतं, झाली बाई मोकळी. पण आतले टाके भरायला सहा आठवडे तरी लागतात. तोवर पाण्याची बादली, गॅसची टाकी, दळणाचा डबा, कडेवरचं नातवंड, काही उचलायचं नाही. भाजी चिरा, पण टेबलाशी बसून. पडून मात्र राहू नका. डॉक्टर दुसऱ्या दिवशी चालवतात ते पायांत रक्ताच्या गाठी होऊ नयेत म्हणून. घरातल्या घरात दिवसातून चार-पाच वेळा चाला. पोट साफ राहावं म्हणून पाणी, पालेभाजी, पपई घ्या. कुंथलं की टाक्यांवर ताण येतो.

थोडा तपकिरी स्राव काही आठवडे चालतो. मात्र ताप आला, घाण वास आला, भळभळून रक्त गेलं, लघवी अडली, एक पोटरी सुजून दुखू लागली किंवा अचानक दम लागला, तर सकाळची वाट पाहू नका.

पतिपत्नीसंबंधही सहा आठवड्यांनी, तपासणी झाल्यावरच. ते तिथेच संपतात, बाई पोकळ होते, असं आजही कुजबुजलं जातं. त्यात तथ्य नाही. रक्तस्राव आणि दुखणं थांबल्यावर अनेकींना उलट हायसं वाटतं. कुणाला मात्र उगीच रडू येतं, त्याचं हसं करू नका.

काढलेली पिशवी तपासायला पाठवली जाते. तो अहवाल मागून घ्या आणि ऑपरेशनच्या कागदासोबत जपून ठेवा. पिशवीचं तोंड ठेवलं असेल तर त्याची तपासणी पुढेही करीत राहावी लागते, आणि बीजकोश ठेवले की काढले हे दर नव्या डॉक्टरांना तुम्हालाच सांगावं लागणार आहे.