'महानंदा' आणि वडिलांच्या नावाचा रकाना

आम्ही पेशाने कारकून. अर्ज तपासण्यात आमची वीस वर्षे गेली. अर्जात 'वडिलांचे अथवा पतीचे नाव' असा एक रकाना असतो. तो कोरा राहिला की अर्ज परत, हा शिरस्ता. एकदा मालवणकडच्या एका बाईने तो रकाना कोरा ठेवला आणि आम्ही सवयीने अर्ज मागे सरकवला. ती वाद घालत बसली नाही. तिथेच उभी राहून तिने त्या रकान्यात आईचे नाव लिहिले आणि कागद पुन्हा आमच्यापुढे ठेवला. त्या रात्री आम्ही कपाटातून जयवंत दळवींची 'महानंदा' ही कादंबरी पुन्हा काढली.

दळवी आपल्याच जिल्ह्याचे, वेंगुर्ला तालुक्यातल्या आरवलीचे. १९२५ साली जन्मले, १९९४ साली गेले. अनेकांना ते 'ठणठणपाळ' म्हणूनच ठाऊक आहेत, नाहीतर 'सारे प्रवासी घडीचे' मधल्या तऱ्हेवाईक माणसांमुळे. पण हसवणाऱ्या या लेखकाने बायकांच्या जगण्याकडे किती रोखून पाहिले होते, हे आपल्या भगिनींनी मुद्दाम वाचावे असे आहे. १९६३ सालच्या 'चक्र' मध्ये त्यांनी मुंबईच्या झोपडपट्टीतली आई आणि तिचा मुलगा उभा केला. 'महानंदा' मध्ये मात्र ते घरी, म्हणजे कोकणातल्या देवळाच्या आवारात आले.

या देवळांत भाविणी असत. जुन्या सरकारी नोंदींत त्यांची माहिती मिळते. देवळातील दिव्याचे तेल डोक्यावर ओतून घेतले की बाई देवाची झाली. मग देऊळ झाडायचे, दिवे लावायचे, देवावर चवरी ढाळायची. तिचे मुलगे देवळी म्हणवले जात आणि ढोल, शिंग वाजवत. सेवा देवाची, पण शरीरावर हक्क गावातल्या मातब्बरांचा. मुलांना बाप असे, पण बापाचे नाव नसे.

कादंबरीतली कल्याणी अशीच एक भावीण. तिची मुलगी मानू. मुंबईत प्राध्यापकी करणाऱ्या तरुणाशी मानूचे प्रेम जुळते आणि तिला लग्नाचा संसार हवासा वाटू लागतो. इथे वाटेत आडवी येते ती आईच. आम्हांला दळवी मोठे वाटतात ते या ठिकाणी. जुलूम करणारा बाहेरचा कोणी दाखवून त्यांना मोकळे होता आले असते. पण कल्याणीला खरोखरच वाटते की मुलीने देवीची सेवा सोडली तर कोप होईल. जे आपल्या वाट्याला आले तेच मुलीच्या वाट्याला यावे, यात तिला वाईट काही दिसत नाही. उलट ते तिला कर्तव्य वाटते. कुटुंब ही संस्था बाईला जपते आणि बाईच्याच हातून बाईला बांधूनही ठेवते. हे आपल्या घराघरांत आपण पाहतो, मग ते घर भाविणीचे असो वा नसो.

आमच्या मनात आणखी एक विचार आला. ज्या देवळांची पायरी आमच्या आजोबांना चढता येत नव्हती, त्याच देवळांत या बाया थेट आत होत्या. बाहेर ठेवलेला आणि आत घेतलेली, दोघांनाही माणूसपण नव्हते. १६ जून १९३६ रोजी परळच्या दामोदर हॉलमध्ये देवदासी, जोगतिणी, मुरळ्या यांच्या सभेत बाबासाहेबांनी हे लाजिरवाणे जीवन सोडून द्या असे स्पष्ट सांगितले होते. मुंबई इलाख्यात देवदासी संरक्षण कायदा १९३४ सालीच झाला होता. मुलीला देवाला वाहणे बेकायदा ठरले आणि तिचे लग्न कायदेशीर ठरले. कायदा कागदावर आला तरी कल्याणीच्या मनातली देवी जागची हलली नाही, आणि दळवींनी लिहिले ते त्या मनावर. गोव्यातील राजाराम पैंगिणकरांचे 'मी कोण?' हे आत्मचरित्र (१९६९) शेजारी ठेवून ही कादंबरी वाचावी. ज्यांनी हे सोसले त्यांचे वंशज आज शिकून खूप पुढे गेले आहेत. जुनी नावे उगाळण्याचा आमचा हेतू नाही.

दळवी आपल्यालाही सोडत नाहीत. त्यांच्या 'पुरुष' नाटकात पुढाऱ्याच्या अत्याचाराला बळी पडलेल्या अंबिकेचा मित्र सिद्धार्थ हा दलित चळवळीतला कार्यकर्ता आहे, आणि ऐन वेळी तो तिच्या पाठीशी उभा राहत नाही. हे पाहून आमच्यातले काही जण चिडले होते. आम्हीही चिडलो होतो. नंतर आपल्याच सभांतून घरी परतल्यावर आपण बायकोशी कसे बोलतो, ते आठवले आणि गप्प बसलो.

एक तक्रार मात्र आहे. मानूच्या मनात काय चालले होते, ते अजून हवे होते. ते लिहायला बाईच हवी होती बहुधा.

१ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आधी आईचे नाव, मग वडिलांचे, असा निर्णय महाराष्ट्र शासनाने घेतला. आमच्या टेबलावर ते परिपत्रक आले तेव्हा आम्हांला ती बाई आठवली. तिचा अर्ज आम्ही त्या दिवशी घेतला होता, शिरस्ता मोडून.

गेल्या महिन्यात आम्ही वस्तीतल्या महिलांपुढे 'महानंदा' तली काही पाने वाचली. वाचून झाल्यावर मागे बसलेल्या एका आजीने विचारले, "कल्याणीच्या आईक कोणी इचारला होता काय?" आम्हांला उत्तर देता आले नाही. तिच्या नातीने पुस्तक मागून घेतले. सध्या ते तिच्याकडेच आहे.