रुग्ण व ग्राहकांचे स्वयंचलित नोंदणी क्रमांक : योजना आणि दक्षता



काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या चिकित्सालयात एकाच सकाळी दोन भगिनी संपलेले औषध पुन्हा नेण्यास आल्या. दोघींचे नाव, पतीचे नाव आणि आडनाव एकच. एक पिंपळगाव माळवीची, दुसरी पिंपळगाव कौडाची. आमच्या वहीत मात्र दोघींपुढे नुसते ‘पिंपळगाव’. मी आत रुग्ण तपासत होतो. बाहेर केसपेपरांची अदलाबदल झाली आणि कार्श्यासाठी योजलेला साखरयुक्त अवलेह प्रमेहाच्या रुग्णेस दिला गेला. सायंकाळी हिशेब जुळवताना चूक उमगली. माणूस पाठवून बरणी परत आणली. अपाय टळला, परंतु तो आमच्या दक्षतेने नव्हे.

प्रत्येक रुग्ण स्वतंत्रपणे पाहून औषध योजावे, ही आपल्या शास्त्राची शिकवण. परंतु नोंदवहीत रुग्णच वेगळा ओळखू येत नसेल, तर प्रकृतिपरीक्षण कितीही सूक्ष्म असले तरी व्यर्थ. आज आपल्यापैकी अनेकांनी चिकित्सालय व औषधी भांडारासाठी व्यवसाय-व्यवस्थापनाची संगणक प्रणाली घेतली आहे. तिच्यात प्रत्येक व्यक्तीस आपोआप क्रमांक देण्याची सोय असते. ती कशी योजावी, याचा विचार प्रस्तुत लेखात करू.

क्रमांकाने काय सांगावे?

आपल्याकडे क्रमांकांचे दोन आदर्श आहेत. पहिला पिनकोड. संस्कृत पंडित व टपाल खात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांच्या योजनेतून तो १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाला. त्यातील प्रत्येक अंकास स्थानाचा अर्थ आहे. नगर शहराचा पिन ४१४ ने, श्रीरामपूरचा ४१३ ने, संगमनेरचा ४२२ ने, तर कोपरगावचा ४२३ ने सुरू होतो. दुसरा आदर्श आधार क्रमांक. देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे दिला गेला. त्याचे १२ अंक व्यक्तीचे गाव, जात, वय यांपैकी काहीही सांगत नाहीत. केवळ ओळख पटवतात.

गाव जागेवरून हलत नाही, म्हणून पिनकोडला अर्थ पेलतो. माणूस मात्र स्थलांतर करतो, विवाहानंतर नाव बदलतो. म्हणून रुग्णक्रमांक आधारसारखा अर्थहीन असावा. क्रमांकात जिल्ह्याची आद्याक्षरे घालणाऱ्यांनी २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर झाल्यावर काय करावे? गाव, व्याधी, वय यांसाठी स्वतंत्र रकाने आहेत. ती माहिती तेथेच राहू द्यावी. मोबाइल क्रमांकही ओळखक्रमांक म्हणून वापरू नये, कारण एकच मोबाइल सारे कुटुंब वापरते.

प्रत्यक्ष मांडणी

१. रुग्ण व पुरवठादार यांच्या मालिका वेगळ्या ठेवाव्यात. उदा. रु-०००००१ आणि पु-०००१.

२. अंकांची संख्या आरंभीच पुरेशी ठेवावी. चार अंकांत ९,९९९ नोंदी मावतात. सहा अंक पुढील पिढीसही पुरतील.

३. क्रमांकात वर्ष घालू नये. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीच्या ‘ईआरपीनेक्स्ट’ या मुक्त प्रणालीचे उदाहरण घेऊ. तेथे विक्रीच्या सेटिंगमध्ये ग्राहकाची नोंद नावाऐवजी क्रममालिकेने करण्याचा पर्याय निवडावा लागतो. मालिकेत वर्ष घातल्यास दर वर्षी मोजणी पुन्हा एकपासून सुरू होते.

४. जुन्या वहीतील क्रमांक कायम ठेवायचे असल्यास ते आधी भरून, पुढील नोंद कोणत्या अंकापासून व्हावी हे निश्चित करावे. त्याआधी दुबार नावे एकत्र करावीत.

दोन दक्षता

पहिली : बिलाचा क्रमांक आणि व्यक्तीचा क्रमांक यांची गल्लत करू नये. वस्तू व सेवा कराच्या नियम ४६ नुसार बिलाचा क्रमांक सलग, १६ पेक्षा अधिक चिन्हांचा नसलेला आणि त्या आर्थिक वर्षात एकमेव असावा लागतो. म्हणून बिलाची मालिका १ एप्रिलला नव्याने सुरू करता येते. रुग्णाचा क्रमांक मात्र आजन्म एकच.

दुसरी : रुग्ण येणे थांबले तरी नोंद पुसू नये, ती ‘निष्क्रिय’ करावी. वर सांगितलेल्या प्रणालीत मालिकेतील शेवटची नोंद पुसल्यास तोच क्रमांक पुढच्या व्यक्तीस मिळू शकतो. मग एकाच्या जुन्या केसपेपरवर दुसऱ्याचे औषध चढण्याचा धोका पुन्हा उभा राहतो.

औषधी भांडाराच्या चालकांनी बिलावर रुग्णक्रमांकासह औषधाचा बॅच क्रमांकही घ्यावा. एखादी बॅच सदोष निघाल्यास ती कोणाकडे गेली, हे त्यावरूनच सापडते.

क्रमांक यंत्र देईल. तो विचारणे आपले काम. आता आमच्या खिडकीवर रुग्णाचे कार्ड पाहून क्रमांक घेतात, मग नाव आणि पूर्ण गाव विचारतात. तिन्ही जुळल्याखेरीज पुडी हातात पडत नाही. त्या दोन्ही भगिनी अजूनही औषधास येतात. एकीचे कार्ड रु-००१२१८, दुसरीचे रु-००१२१९. क्रमांक शेजारी आहेत, म्हणून गावाचा प्रश्न त्यांना आजही न चुकता विचारला जातो.