संगणकाचा धंदा व संभाषणाची कला

दहावीचा निकाल लागला म्हणजे पालक मंडळी सल्ल्याकरितां शाळेंत येतात. त्यांपैकीं पुष्कळांच्या तोंडीं एक वाक्य हटकून असतें : "मुलगा जरा मुखदुर्बळ आहे, निबंधांत त्याला गोडी नाहीं, तेव्हां त्यास कॉम्प्युटरकडे घालावा म्हणतों. तेथें कोणाशीं बोलण्याचें काम पडत नाहीं." असें बोलणाऱ्याचा हेतु चांगलाच असतो. परंतु ज्या समजुतीवर हें वाक्य उभें आहे ती समजूत मुळांतच चुकीची असून, तिच्या भरंवशावर मुलानें भाषेचा अभ्यास टाकला तर पुढें त्याचेंच नुकसान होतें, असें आमचें स्पष्ट मत आहे.

संगणकास सूचना देणें हा सॉफ्टवेअर तयार करणाराच्या कामाचा केवळ एक भाग झाला. कोणत्या सूचना द्यावयाच्या हें संगणक सांगत नाहीं. तें माणसांकडून काढून घ्यावें लागतें, सोबत्यांस समजावून द्यावें लागतें, आणि मागाहून येणारासाठीं लिहून ठेवावें लागतें. यांतील एखादा दुवा निसटला म्हणजे काय होतें, याचा एक प्रसिद्ध दाखला वाचकांपुढें ठेवतों.

अमेरिकेच्या नासा या संस्थेनें ११ डिसेंबर १९९८ रोजीं 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' नांवाचें यान मंगळाकडे सोडलें. मंगळाभोंवतीं फिरत राहून तेथील हवामान न्याहाळावें, हें त्याचें काम. प्रवासांत यानाचें तोंड योग्य दिशेस राहावें म्हणून त्याच्या पोटांत वेगानें फिरणारीं चाकें बसविलेलीं होतीं. सूर्यप्रकाशापासून वीज करणारें पंख यानाच्या एकाच बाजूस असल्यामुळें प्रकाशाच्या सूक्ष्म दाबानें यान वळूं पाही, व तो जोर हीं चाकें आपल्या अंगावर घेत. चाकांचा वेग फार वाढला कीं लहान रॉकेटें क्षणभर पेटवून तो उतरवावा लागे. अशा दर वेळीं यानास किंचित् धक्का बसे व त्याची वाट केसभर बदले. धक्का किती बसला याचें गणित पृथ्वीवरील एक प्रोग्राम करीत असे. हा प्रोग्राम यान बांधणाऱ्या लॉकहीड मार्टिन कंपनीकडून आलेला होता, व कंपनीची मंडळी कोलोरॅडोंत काम करीत होती. त्याचे आंकडे घेऊन यानाची वाट आंखणारी मंडळी मात्र दूर कॅलिफोर्नियांत, पासाडेना येथील जेट प्रोपल्शन लॅबोरेटरींत होती. प्रोग्राम उत्तर देई तें पाउंड-सेकंदांत. पासाडेनाची मंडळी तें न्यूटन-सेकंद समजून वाची. एक पाउंड बल म्हणजे सुमारें ४.४५ न्यूटन. त्यामुळें प्रत्येक धक्का होता त्याच्या चौथ्या हिश्शाहूनही कमी धरला गेला. आणि असे धक्के तर अपेक्षेच्या दहा ते चौदा पट अधिक वेळां द्यावे लागत होते. २३ सप्टेंबर १९९९ रोजीं यान मंगळाजवळ पोंचलें, तेव्हां सुमारें २२६ किलोमीटर उंचीवरून जाण्याऐवजीं तें अवघ्या ५७ किलोमीटरांच्या सुमारास खालीं उतरलें. मंगळाआड गेलेल्या त्या यानाचा शब्द पुन्हां कोणास ऐकूं आला नाहीं. त्या एका यानाची किंमत सुमारें साडेबारा कोटी डॉलर होती.

"परिमाणांची चूक" म्हणून ही हकीकत विज्ञानाच्या तासाला सांगतात. आम्हांस ती भाषेच्या तासाला सांगावीशी वाटते. कारण आंकडे कोणत्या परिमाणांत द्यावयाचे हें एका दस्तऐवजांत आधींच लिहून ठेवलेलें होतें; प्रोग्राम त्याप्रमाणें झाला नाहीं व तें कोणी ताडून पाहिलें नाहीं. पहिले चार महिने तर त्या प्रोग्रामच्या फाइलींची मांडणीच सदोष असल्यामुळें त्या वापरतां आल्या नाहींत, आणि पासाडेनाची मंडळी ई-मेलनें येणाऱ्या सूचनांवर काम भागवीत होती. एप्रिल १९९९ मध्यें फाइली वापरांत आल्या, त्यानंतर आठवड्याच्या आंतच आंकडे कोठें तरी जुळत नाहींत अशी शंका आली. शंका आली हें महत्त्वाचें. परंतु ती ठरलेल्या रीतीनें, नेमक्या शब्दांत, दुरुस्ती ज्यांच्या हातीं होती त्यांच्यापुढें मांडली जाऊन तिचा निकाल लागला नाहीं. १० नोव्हेंबर १९९९ रोजीं प्रसिद्ध झालेल्या चौकशी मंडळाच्या अहवालांत, निरनिराळ्या गटांमधील अपुरें दळणवळण हें या अपघातास हातभार लावणाऱ्या कारणांपैकीं एक म्हणून नमूद केलेलें आहे. मंडळी विद्वान् होती, गणित सर्वांस येत होतें. एका मनुष्याच्या मनांतील शंका दुसऱ्याच्या मनांत उतरली नाहीं, एवढेंच.

माणसें वाढलीं म्हणजे हें काम अधिकच अवघड होतें. फ्रेडरिक ब्रुक्स या गृहस्थांनीं १९६० नंतरच्या दशकांत आय.बी.एम. कंपनीच्या एका प्रचंड सॉफ्टवेअरची देखरेख केली व त्या अनुभवावर १९७५ सालीं 'द मिथिकल मॅन-मंथ' हें पुस्तक लिहिलें. रेंगाळलेल्या कामावर आणखी माणसें घातलीं तर तें अधिकच रेंगाळतें, असा त्यांचा सिद्धान्त आहे. विहीर खणावयाची असेल तर माणसें वाढविल्यानें काम उरकतें, येथें कां उरकूं नये? कारण येथें प्रत्येकाला प्रत्येकाशीं बोलावें लागतें. तिघांमध्यें परस्परसंबंधाच्या जोड्या तीन, दहांमध्यें पंचेचाळीस, पन्नासांमध्यें एक हजार दोनशें पंचवीस! विद्यार्थ्यांनीं हें गणित स्वतः करून पाहावें. याच पुस्तकांत ब्रुक्स यांनीं उत्पत्तीच्या पुस्तकांतील बाबेलच्या बुरुजाचें उदाहरण घेतलें आहे. हेतु स्पष्ट, माणसें मुबलक, सामान भरपूर, वेळेची मर्यादा नाहीं. मग बुरूज अपुरा कां राहिला? तर एकाचें बोलणें दुसऱ्यास कळेना म्हणून. उपासनेच्या वेळीं ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांनीं अनेकदां ऐकली आहे. एका इंजिनिअरानें ती कशी वाचली हें त्यांस मौजेचें वाटेल.

आतां मंगळावरून शाळेच्या कार्यालयांत येऊं. समजा, कार्यालयानें एका तरुणास सांगितलें कीं, फी थकलेल्या मुलांची यादी काढून देणारा प्रोग्राम करून द्यावा. वाक्य किती सोपें आहे! पण ज्यानें निम्मी फी भरली तो थकबाकीदार कीं नाहीं? ज्यास माफी मिळाली आहे (आमचे वडील यास 'नादारी' म्हणत) तो तर नव्हेच. परंतु ज्याचा माफीचा अर्ज अद्याप मंजूर व्हावयाचा आहे त्याचें काय? दोघां भावांची फी एकाच पावतीवर भरलेली असेल तर ती कोणाच्या नांवें धरावी? जो मध्येंच शाळा सोडून गेला तो यादींत येतो काय? हीं सर्व उत्तरें कार्यालयांतील क्लार्कसाहेबांस तोंडपाठ असतात. पण वीस वर्षें तेंच काम केल्यामुळें तीं सांगावयास हवींत हें त्यांच्या ध्यानींही येत नाहीं. तरुणानें विचारलें नाहीं, तर तो आपल्या समजुतीनें प्रोग्राम करतो. प्रोग्राम बिनबोभाट चालतो, यादी छापून निघते, फळ्यावर लागते. आणि जिच्या आईनें रात्रीं जागून माफीचा अर्ज भरला होता ती सातवींतील मुलगी वर्गासमक्ष थकबाकीदार ठरते. संगणकाच्या दृष्टीनें येथें कांहींच चुकलेलें नसतें.

विचारण्याची ही संवय कोठें लागावयाची? "समजलें कां?" असें शिक्षकांनीं म्हटल्याबरोबर "होऽऽ" असा एकमुखी घोष आमच्याकडील वर्गावर्गांतून उठतो. न समजलें तरी 'हो' म्हणावें, यांत विनय आहे असें मुलांस वाटतें. हीच मुलें पुढें पुण्याच्या हिंजवडींत बसून परदेशांतील गिऱ्हाइकाशीं फोनवर बोलतात तेव्हां तेथेंही 'हो' म्हणतात, आणि महिन्यानें कळतें कीं गिऱ्हाइकास हवें होतें तें निराळेंच होतें. "साहेब, आपल्या म्हणण्याचा अर्थ मला असा समजला, बरोबर आहे काय?" हें वाक्य उद्धटपणाचें नव्हे. घरीं व वर्गांत तें मुलांकडून म्हणवून घ्यावें.

बोलण्याइतकेंच लिहिण्यास महत्त्व आहे. हेलसिंकी येथें शिकत असलेल्या लिनस टोर्व्हाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं आरंभिलेलें 'लिनक्स' आज जगभरच्या असंख्य यंत्रांत चालतें, व त्यांत हजारों लोकांनीं भर घातली आहे. त्यांतील बहुतेकांनीं एकमेकांचें तोंडही पाहिलेलें नाहीं. तेथें कोणास दुरुस्ती सुचवावयाची असेल तर नुसता बदललेला प्रोग्राम पाठवून भागत नाहीं; अडचण काय होती व हाच उपाय कां योजला, हें सोबत थोडक्यांत लिहावें लागतें. काय बदललें हें प्रोग्राम पाहून कळूं शकतें. कां बदललें हें मात्र लिहिणाऱ्यानेंच सांगितलें पाहिजे. तो नोकरी सोडून गेल्यावर तें विचारणार कोणास? सन २०२२ च्या अखेरीपासून तर साध्या भाषेंत सांगितलें असतां प्रोग्राम लिहून देणारीं साधनेंही सर्वांच्या हातीं आलीं आहेत. तेथेंही मागणें नेमकें मांडावें लागतेंच.

येथें एक गैरसमज दूर करणें जरूर आहे. संभाषणकला म्हणजे फर्डें इंग्रजी, असें पुष्कळ पालक धरून चालतात, व शहरांतील कांहीं क्लास गळ्यांत टाय बांधून तेवढेंच शिकवितात. इंग्रजी हवेंच, या धंद्यांत त्यावांचून चालत नाहीं. परंतु घडलेली गोष्ट ज्यास मराठींत क्रमानें सांगतां येत नाहीं, त्यास ती इंग्रजींत सांगतां येईल असें आम्हांस वाटत नाहीं. सारांशलेखन, पत्रलेखन, उताऱ्यावरील प्रश्न, हे ज्यांस मुलें 'रटाळ' म्हणतात ते अभ्यासच येथें उपयोगी पडतात.

सुटींत घरीं करण्याजोगे दोन प्रयोग सुचवितों. त्यांस पैसा पडत नाहीं. दोन मुलांनीं पाठीस पाठ लावून बसावें. एकाच्या हातीं त्रिकोण, चौकोन व वर्तुळ मिळून केलेली एक आकृति असावी. त्यानें ती केवळ शब्दांनीं वर्णन करावी व दुसऱ्यानें कागदावर काढावी. पहिल्या खेपेस काढणाऱ्यानें कांहीं विचारावयाचें नाहीं. दुसऱ्या खेपेस निराळी आकृति घेऊन वाटेल तितके प्रश्न विचारावे. मग चारही कागद शेजारीं ठेवून पाहावे. दुसरा प्रयोग याहून सोपा. एस.टी. स्थानकावरून आपल्या घरीं कसें यावें हें एका चिठ्ठीवर लिहून, आपल्याकडे कधींच न आलेल्या पाहुण्याच्या हातीं ती द्यावी. पाहुणा घरीं पोंचल्यावर चहा पितांपितां, तो कोठें थांबला व कोठें त्यास दुसऱ्यास विचारावें लागलें तें त्याच्याकडून ऐकावें, आणि चिठ्ठीच्या त्याच ओळी पुन्हां लिहाव्या.