लघुसैनिक-संच आणि युद्धेतिहासाचे दृश्यरूप : वॉटर्लूच्या प्रतिकृतीच्या संदर्भात

प्रस्तावना :

ऐतिहासिक लढायांतील सैनिकांच्या लहान आकृत्या जोडून, रंगवून एखादा प्रसंग उभा करण्याचा छंद युरोपात व जपानमध्ये चांगलाच रुजलेला आहे. दिवाळीच्या किल्ल्यावर मातीचे मावळे मांडलेल्यांना त्यातील गोडी वेगळी सांगावयास नको. मात्र किल्ल्यावरचा मावळा हा केवळ मावळा असतो; संचातील सैनिक अमुक सालच्या अमुक पलटणीचा असतो. त्याच्या अंगरख्याच्या गुंड्यादेखील मोजून घेतलेल्या असतात. या काटेकोरपणामुळे असे संच इतिहासाच्या अध्यापनाचे साधन ठरू शकतात. परंतु हा काटेकोरपणा नेमका कशाबाबत असतो, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

संचांचे स्वरूप :

न्यूरेंबर्गच्या हाइनरिक्सेन यांनी १८४८ च्या सुमारास कथिलाच्या चपट्या सैनिकांची उंची प्रमाणित केली. लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने १८९३ मध्ये आतून पोकळ असे शिशाचे सैनिक ओतून ते स्वस्त केले. पुढे प्लॅस्टिक आले. ब्रिटनच्या एअरफिक्सने १९५९ पासून व जपानच्या तामियाने १९६८ पासून प्लॅस्टिकचे सैनिक बाजारात आणले. तामियाचे १:३५ हे प्रमाण आज जगन्मान्य आहे. ते शास्त्रीय विचारातून आले असावे असे वाटते. प्रत्यक्षात त्यांच्या पहिल्या रणगाड्याच्या पोटात मोटार व बॅटऱ्या मावाव्यात म्हणून त्याचा आकार ठरला आणि प्रमाण मागाहून मोजले गेले. दुसऱ्या महायुद्धातील जर्मन विमानांच्या अनेक संचांत शेपटीवरील स्वस्तिक-चिन्ह वगळलेले किंवा तुकड्यांत छापलेले आढळते, कारण जर्मनीत त्याच्या प्रदर्शनावर कायद्याचे निर्बंध आहेत. म्हणजे प्रत्येक खिळा दाखविणारा संचही काही गोष्टी जाणूनबुजून दाखवीत नाही.

सायबॉर्न यांची प्रतिकृती :

हा प्रश्न संचांपेक्षा जुना आहे. ब्रिटिश लष्करातील अधिकारी विल्यम सायबॉर्न यांच्याकडे १८३० मध्ये वॉटर्लूच्या (१८१५) रणभूमीची प्रतिकृती करण्याचे काम सोपविण्यात आले. त्यांनी रणभूमीवरील ला हे सेंत या शेतवाड्यात अनेक महिने राहून जमिनीची मोजणी केली. त्यानंतर लढाईतून वाचलेल्या अधिकाऱ्यांना पत्रे पाठवून सायंकाळी सातच्या सुमारास तुमची तुकडी कोठे होती, समोर शत्रू कोणता होता, इतकेच नव्हे तर शेतात पीक कोणते होते, अशी विचारणा केली. शेकडो उत्तरे आली. प्रत्यक्ष साक्षीदारांना असे पद्धतशीर प्रश्न विचारून लढाईची माहिती जमविण्याचा हा आरंभीचा व मोठा प्रयत्न होय. मधल्या काळात सरकारी निधी थांबला, तरी सायबॉर्न यांनी कर्ज काढून काम पुरे केले. १८३८ मध्ये लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये ही प्रतिकृती मांडली गेली. तीत सुमारे ७५ हजार चिमुकल्या आकृत्या होत्या. जमिनीचे प्रमाण जवळजवळ १:६०० होते. सैनिक दिसावेत म्हणून ते त्याहून मोठे करावे लागले.

वाद मात्र प्रमाणावरून झाला नाही. सायंकाळी सातची वेळ निवडल्यामुळे इंग्रजांच्या डावीकडे प्रशियाचे प्रचंड सैन्य दिसू लागले, आणि विजयाचे श्रेय कोणाचे हा प्रश्न टेबलावर मांडला गेला. ड्यूक ऑफ वेलिंग्टन यांना ही मांडणी मान्य नव्हती. पुढे सायबॉर्न यांनी आपली चूक झाल्याचे मान्य करून सुमारे ४० हजार प्रशियन सैनिकांच्या जागी असलेल्या आकृत्या काढून टाकल्या. हे पुराव्यामुळे घडले की दडपणामुळे, याविषयी इतिहासकारांत आजही मतभेद आहेत. प्रस्तुत लेखकास दुसरी शक्यता अधिक सबळ वाटते, कारण ज्याने शेतातील पिकांचीसुद्धा चौकशी केली, तो चाळीस हजारांच्या हिशेबात सहज चुकेल हे पटत नाही.

वर्गात असा संच वा प्रतिकृती दाखविताना गणवेशाच्या रंगाआधी तिने कोणती घटका निवडली हे विचारणे म्हणूनच आवश्यक ठरते. सायबॉर्न यांची ही पहिली प्रतिकृती आज लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये आहे. त्यांनी १८४४ मध्ये आणखी मोठ्या प्रमाणावर दुसरी प्रतिकृती प्रदर्शित केली. ती लीड्सच्या रॉयल आर्मरीज संग्रहालयात पाहावयास मिळते. तीत ब्रिटिश घोडदळाचा दुपारचा हल्ला आहे. त्या वेळी प्रशियन सैन्य रणभूमीवर लढाईत उतरलेलेच नव्हते.