‘मला आवडलं’चं इंग्रजी

राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली; १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन २०१५ पासूनचा. दोन्ही एकत्र आले की सांताक्रूझच्या पोरासमोर कोरा कागद येतो : वाचलेल्या पुस्तकावर इंग्रजीत दहा ओळी लिही.

अडतं पहिल्याच वाक्यात. ‘मला पुस्तक आवडलं’ यात आवडतं ते पुस्तक, वाचणारा बाजूला उभा. ‘आय लाइक्ड द बुक’मध्ये मात्र वाचणाराच कर्ता. शिवाय तो ‘द’! मराठीत त्याला जोडीदारच नाही. मग तो गळतो तरी, नाहीतर लेखकाच्या नावाआधीही जाऊन बसतो. गोष्ट आपण भूतकाळात सांगतो, इंग्रजी परीक्षणात कथानक बहुधा वर्तमानकाळात चालतं : श्याम हट्ट करतो, आई ऐकते.

सुरुवातीला पुस्तक ओळखीचंच घ्यावं. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली ‘श्यामची आई’ शांता गोखले यांनी इंग्रजीत आणली आहे. ओल्या तळव्यांना माती लागू नये म्हणून आई धोंड्यावर ओचे पसरते, तो प्रसंग लिहून बघा. ‘ओचे’ला इंग्रजीत काय म्हणायचं? (आजच्या पोराला तो मराठीतही अडेल, ते सोडा.) शब्द नसेल तर ‘साडीचा खालचा भाग’ असं साधं सांगावं. ‘व्हेरी नाइस बुक’ तीनदा लिहिण्यापेक्षा ही एक ओळ भारी.

पुढे वाचनाची चटक लागलीच, तर कलिन्याच्या विद्यानगरीत मुंबई विद्यापीठाचं जवाहरलाल नेहरू ग्रंथालय आहे.