कोरफड कुजली म्हणून कुंडी फेकू नका

आपल्या बल्कावाच्या कोपऱ्यात कोरफडीची एक कुंडी बहुधा असतेच. चुलीवर हात भाजला की पान कापून गर लावायचा, ही आजी-पणजीपासूनची रीत. गोव्यात १५६३ साली छापलेल्या वैद्य गार्सिया द ओर्ता यांच्या ग्रंथात तिच्या रसावर, म्हणजे काळ्या बोळावर, वेगळे प्रकरणच आहे. (निकदेमाने प्रभूच्या देहासाठी आणलेले अगरू मात्र निराळे. ते सुगंधी लाकडाचे असावे, असे बहुतेक अभ्यासक मानतात.)

म्हापशाच्या पावसात हीच कुंडी हमखास बिघडते. गेल्या श्रावणात आमचीही बिघडली. पाने लोंबू लागली, म्हणून घरच्यांनी तहानलेली समजून रोज तांब्याभर पाणी घातले! वास्तविक मुळे पाण्यात गुदमरून कुजली होती. कुजलेले मूळ पाणी ओढत नाही, त्यामुळे झाड भर पाण्यात सुकल्यासारखे दिसते.

पानाचा बुंधा दाबून पाहावा. पान पातळ, आत वळलेले पण बुंध्याशी घट्ट असेल तर झाड तहानलेले आहे. बुंधा मऊ, पाणचट झाला व वास येऊ लागला तर ती कूज समजावी.

अशा वेळी झाड उपटून माती झाडावी. तपकिरी, बुळबुळीत मुळे धारदार, स्वच्छ सुरीने पांढरा निरोगी भाग दिसेपर्यंत कापावी. मग झाड सावलीत, वाऱ्यावर चार दिवस उघडे ठेवावे. पावसाळी हवेत आठवडाही लागतो. इथेच पुष्कळजण घाई करतात. ओली जखम मातीत गेली की पुन्हा कूज धरते.

कुंडी मातीची, तळाला भोक असलेली घ्यावी. शुक्रवारच्या बाजारात मिळते. तांबडी माती, नदीची वाळू व फुटक्या कौलांचे बारीक तुकडे सारखे घेऊन त्यात मूठभर जुने शेणखत मिसळावे. समुद्राची वाळू खारट, ती नको. लावल्यावर आठवडाभर पाणी देऊ नये. पुढे बोट दोन पेरे खुपसून माती कोरडी लागली तरच द्यावे. एकदम कडक उन्हात ठेवल्यास पाने तांबूस होतात. सकाळचे ऊन पुरे.

सगळीच मुळे गेली असल्यास बुंध्याजवळची पिल्ले सोडवून लावावीत. पानफुटीचे पान मातीवर टाकले तरी फुटते, कोरफडीचे नुसते पान मात्र बहुधा कुजते. आमची आई-कोरफड गेली, पण दोन पिल्ले लागली.

औषधाविषयी थोडे. भाजल्यावर आधी वीस मिनिटे थंड पाणी सोडावे, मग गर. पान कापल्यावर निघणारा पिवळा चीक गळू द्यावा. तो जहाल रेचक आहे. गरोदर बायकांनी कोरफड पोटात घेऊ नये. मोठ्या फोडांना व खोल भाजण्याला गर न लावता सरळ डॉक्टरकडे जावे.

आणि मिरगापूर्वी कुंडी पागोळ्यांपासून दोन हात आत ओढून घ्यावी.