दोनशे मीटर, पण सरळ

ऑलिम्पिकमधला एक विक्रम २८ वर्षे टिकला. त्याचे श्रेय जसे धावपटूच्या पायांना, तसे मैदानाच्या आखणीलाही द्यावे लागते.

१९०४ साली सेंट लुईसच्या ऑलिम्पिकमध्ये आर्ची हान या अमेरिकी धावपटूने ६०, २०० आणि १०० मीटर अशा तीन शर्यती सहा दिवसांत जिंकल्या. जेमतेम साडेपाच फुटांचा हा गडी ‘मिलवॉकीची उल्का’ म्हणून ओळखला जाई. त्याची खरी ताकद होती सुरुवातीत. पायांना रेटा द्यायला तेव्हा स्टार्टिंग ब्लॉक नव्हते. ऑलिम्पिकमध्ये ते आले थेट १९४८ साली. धावपटू खुरपीसारख्या छोट्या हत्याराने मातीत दोन खळगे खणत आणि त्यांत पाय रोवून ओणवे होत. कंबर वर, खांदे हातांच्याही पुढे. शरीराचा भार असा पुढे झुकला की पायांचा जोर उभे राहण्यात खर्च होत नाही, मागे रेटण्यात लागतो. बुटक्या हानने हे तंत्र घोटून घोटून आत्मसात केले होते.

दोनशेच्या अंतिम फेरीत चौघेच होते. बाकीच्या तिघांनी पिस्तुलाच्या आधीच पाऊल उचलले, म्हणून त्या काळच्या नियमाप्रमाणे त्यांना एक यार्ड मागे उभे केले. मग हानला सुवर्ण फुकट मिळाले का? हिशेब करून पाहू. अशा धावपटूच्या वेगाने एक यार्ड कापायला सेकंदाचा दहावा भाग पुरतो. हानची वेळ २१.६ सेकंद, दुसऱ्या आलेल्या नेट कार्टमेलची २१.९. शिक्षा वजा केली तरी हानच पुढे राहतो.

ही शर्यत सरळ मार्गावर झाली, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात असते. वळणावर धावपटूला पुढे जाताजाता स्वतःला आतल्या बाजूलाही खेचावे लागते. आजच्या धावपट्टीवर आतल्या कडेची त्रिज्या ३६.५ मीटर आहे. तिथे सेकंदाला १० मीटर वेगाने धावणाऱ्याला आत खेचणारे हे बल त्याच्या वजनाच्या पाव हिश्शाहून जास्त लागते. तेवढा वेग घटतोच. टॉमी स्मिथने १९६६ साली २२० यार्ड सरळ मार्गावर १९.५ सेकंदांत कापले, आणि वळणासह त्याच वर्षी २०.० सेकंदांत. माणूस तोच, फरक अर्ध्या सेकंदाचा!

म्हणूनच हानच्या २१.६ ला वळणावर धावणाऱ्यांना गाठायला इतका काळ लागला. १९२४ मध्ये जॅक्सन शोल्झने बरोबरी केली आणि १९३२ मध्ये विक्रम मोडला गेला; त्या वर्षी अंतिम फेरीत एडी टोलनची वेळ होती २१.२ सेकंद.

हानने १९०६ साली अथेन्सलाही १०० मीटर जिंकली, पण त्या स्पर्धेला ऑलिम्पिक समिती अधिकृत मानत नाही. पुढे तो प्रशिक्षक झाला आणि १९२३ साली त्याने वेगवान धावण्यावर पुस्तकही लिहिले. ६० मीटरची शर्यत १९०४ नंतर ऑलिम्पिकमधून कायमची गेली. त्यामुळे एकाच ऑलिम्पिकमध्ये ६०, १०० आणि २०० मीटर जिंकणारा धावपटू आजवर एकच आहे, आर्ची हान.